डावखुरी सावली

"ताई, हे लोक मेलेल्या माणसाचं स्वागत करतायत," अमेय म्हणाला आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

इकडे आखातात, माहूजमधल्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत मी सोशल मीडिया बघते. अमेय आमचा डिझायनर, कोल्हापूरचा. इथल्या एका बेसबॉल क्लबचं पेज आमच्याकडे आहे. त्या सकाळी आम्ही क्लबचा टीझर टाकला होता. टीझर म्हणजे बातमी न सांगता नुसती हूल द्यायची. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची काळी सावली आणि खाली एक ओळ: शुक्रवारी मैदानावर या, सांगतो. बातमी कसली, तर क्लबला नवा पिचर मिळाला होता. पिचर म्हणजे आपला बोलर समजा. पुढचं काम चाहते करतात. तर्क लढवतात, एकमेकांच्या उरावर बसतात, आणि आमचा रीच वाढतो, म्हणजे पोस्ट आणखी लोकांपर्यंत पोचते.

या वेळी कोणी भांडतच नव्हतं. सगळ्यांचा तर्क एकच: रामिल परत येतोय.

रामिल हा क्लबचा जुना पिचर, फिलिपिनो. गेल्या सीझनमध्ये मित्राबरोबर मासे पकडायला गेला आणि बोट उलटली. मित्र पोहत आला. रामिल सापडलाच नाही, जिवंतही नाही आणि तसाही नाही. आता एकाने लिहिलं होतं, परवा बुसैतीनच्या किनाऱ्यावर दिसला, टोपी खाली ओढून चालत होता. दुसऱ्याने लिहिलं, मलाही दिसला. दुपारपर्यंत मजल 'त्याचे कपडे ओले होते' इथवर गेली. लख्ख ऊन, आजूबाजूला माणसं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

मी अमेयला मूळ फोटो उघडायला लावला. फोटो नव्या पिचरचाच होता, उजव्या हाताने फेकणारा. सावली मात्र डावखुरी. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इथे प्रत्येक पोस्ट दोनदा बनते, इंग्रजीत आणि अरबीत. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून त्या पोस्टचा सगळा लेआउट आरशातल्यासारखा उलटा करायचा. या शहाण्याने घाईत माणूसही उलटा केला. इंग्रजी पोस्ट अप्रूव्हलमध्ये अडकली आणि अरबी आधी गेली. क्लबकडे आजवर डावखुरा पिचर एकच झाला होता, रामिल.

मी तडक आमच्या बॉसच्या, मेनन सरांच्या केबिनमध्ये गेले. पोस्ट काढूया म्हटलं. सर आकडे बघून खूश होते.

"शुक्रवारपर्यंत राहू दे. एकदा शुक्रवार खलास झाला की लोक विसरतात."

जागेवर येते तोच फोन वाजला. रामिलची बायको जोसी, इथल्याच एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. इंग्रजीत, अगदी हळू बोलत होती. वाट बघून थकले, म्हणाली, शनिवारी कायमची आईकडे चाललेय, मनिलाला. राजीनामा दिलाय, तिकीटही आहे.

"आता रद्द करते. फक्त एवढं सांगा मॅडम, शुक्रवारी तो कुठल्या गेटने येणार?"

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. काही करू नकोस, आम्ही येतोय, एवढंच बोलले. सरांना न विचारता पोस्ट उडवली आणि अमेयला गाडीत घालून हमद टाउनमधलं तिचं घर गाठलं.

जोसीने आधीच रामिलचा शर्ट इस्त्री करून दाराला लावला होता. मला रडूच येत होतं, पण बोलायचं मलाच होतं. मी लॅपटॉपवर मूळ फोटो आणि टीझर शेजारी शेजारी ठेवले. अमेयने तिच्यासमोर फोटो उलटा करून दाखवला, परत सुलटा केला.

"हा रामिल नाही, जोसी. आमच्याकडून चूक झाली. तू शनिवारी जा."

तिने शांतपणे ऐकलं, मान डोलावली. मग टीझरमधल्या सावलीच्या कमरेवर बोट ठेवलं.

"आणि हे?"

मागच्या खिशातून टॉवेल लोंबत होता. टोकाला गाठ.

"ही गाठ मी मारायचे," जोसी म्हणाली. "त्याच्याकडून टॉवेल सारखा पडायचा."

मी मूळ फोटो मोठा करून पाहिला. खिसा रिकामा होता. अमेयचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, आईशप्पथ, मी काही जोडलं नाही," एवढंच तो मराठीत पुटपुटला.

परस्पर पोस्ट काढल्याबद्दल सरांनी मला वॉर्निंग लेटर दिलं. शुक्रवारी नवा पिचर आला, हात हलवला, चार टाळ्या पडल्या. बरेच लोक त्याच्या मागे, गेटकडे बघत होते.

ऑफिसात आता नियम आहे. लेआउट उलटा करा, माणूस करू नका. नियम चांगला आहे, सगळे पाळतात. जोसीने तिकीट रद्द केलं. ती अजून हमद टाउनमध्येच राहते.