आधी पालकांना बोलवा

शनिवारची अर्धी शाळा म्हणजे पोरांना सणच. पण आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, खिचडीची ताटं धुताना, माझ्या चौथीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, उद्या दिवसभर शाळा ठेवा की." अभ्यासाची एवढी गोडी कधीपासून लागली, म्हणून मी तिला चिडवलं. ती ताट घासतच राहिली. मग खाली बघून म्हणाली, "आई दुपारी टॉवेल शिवायला कारखान्यात आस्ती. काका दार लावून घेतो."

माझं हसू मावळलं. खोदून खोदून विचारू नका, असं प्रशिक्षणात बजावलेलं होतं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. सांगितलंस ते बरं केलंस, आता मी बघते, एवढंच तिला म्हणाले.

तडक मुख्याध्यापकांकडे गेले. कायदा त्यांनाही ठाऊक होता. नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवायचं; आधी घरच्यांना विचारा, असं त्यात कुठंही नाही. पण आमच्या शाळेची पद्धत पडलेली. पोर पडो, भांडो, डोक्यात उवा होवोत, आधी पालकांना बोलवायचं. सर म्हणाले, "घरच्यांच्या कानावर न घालता एकदम पोलीस? उद्या पेठेत तोंड कसं दाखवायचं?" मी संतापले, तोंडाला येईल ते बोलले आणि पर्स उचलून एकटीच पोलीस ठाण्यात गेले.

इकडं सरांनी तिच्या घरी फोन लावला. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात फोन एकच, आणि तो काकाच्या खिशात. बाप वारलेला, आई कामावर, त्यामुळं पालकसभेला यायचा तोही काकाच. आमच्या लेखी पालक तोच. इस्त्रीचा शर्ट घालून तो आला, सरांना वाकून नमस्कार केला आणि पोरीला गाडीवर बसवून घेऊन गेला. मी पोलिसांना घेऊन परतले तेव्हा तिचं दप्तर बाकावर तसंच पडलेलं होतं. ते बघून मला रडू आवरेना.

काकानं तिला मैंदर्गीला नातेवाइकांकडं नेऊन ठेवलं होतं. पोलिसांनी तिला परत आणलं, काकाला ताब्यात घेतलं. मग साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस तिचा जबाब घ्यायला घरी आल्या. तिच्या आईनं मलाही बोलावून घेतलं होतं. जन्मदात्या आईला यातलं शाळेकडून काहीच कळलं नव्हतं. ती दाराशी सुन्न बसून होती.

त्या पोलीस बाई फार मायेनं विचारत होत्या. घाबरू नकोस, आम्हाला सांग, काका आता इथं येणार नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पोरीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"बाईंना सांगितलं," ती म्हणाली, "तर काकालाच बोलावलं."

मग ती आईच्या पाठीमागं जाऊन बसली. त्यानंतर त्याबद्दल ती अजून कुणाशी एक शब्दही बोललेली नाही.