नळावरची बाई

बीडमध्ये मी केबलचा छोटा चॅनल चालवतो. मतदान तोंडावर आलं की निवडणुकीच्या जाहिराती बंद कराव्या लागतात. मागच्या निवडणुकीत त्या बंद केल्या आणि दुपारी खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा ऑफिसात आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"ती नळावर पाणी भरणारी बाई आज कावून दिसंना?"

नियम आहे, ती जाहिरात आता लावता येत नाही, असं मी सांगितलं. तो हलला नाही.

"आमची कारभारीण हाय ती. उन्हाळ्यात वारली. फोटोत नुसती बघत ऱ्हाती, हितं मान वळवून हसती."

प्रत्येक जाहिरातीची प्रत आणि तिचं परवानगीपत्र तपासणीसाठी जपून ठेवावं लागतं. त्या जाहिरातीची प्रत मी त्याला आत बोलावून कॉम्प्युटरवर लावून दाखवली. उमेदवाराचा चेहरा आला की तो खाली बघायचा. बायको आली की श्वास रोखून उभा राहायचा. पुन्हा लावली, तेव्हा त्यानं पडद्याच्या तळाशी बोट नेलं, पण काचेला टेकवलं नाही.

"हे काय लिवलंय, साहेब?"

"जाहिरात कुणी दिली, त्याचं नाव. ते दाखवावंच लागतं."

"आन् हिचं?"

नियमात तसं काही नव्हतं.

त्यानं घोंगडी सावरली, चपला घातल्या आणि पायरीवरून मागं वळून, मी विचारलं नसताना, तिचं नाव मला सांगितलं.