वारा लागतंय ना?

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. अंघोळीलाही गेले नाहीये अजून, दारातच बसून टाईप करतेय. चुका होतील, सांभाळून घ्या.

ड्रायव्हर काकांची एक सवय होती, उलटा हात. गाडी चालवता चालवता डावा हात मागच्या छोट्या खिडकीतून आत घालायचे, हाताची मागची बाजू एसीसमोर धरायचे आणि विचारायचे, "दादा, वारा लागतंय ना?"

मागे जो झोपलेला असायचा तो मेलेला असायचा. शववाहिकेचे ड्रायव्हर होते ते. कोपरखैरण्यात हॉस्पिटलच्या बाहेर त्यांची गाडी उभी असायची. इथलं कुणी गेलं की कितीतरी जणांना गावी न्यायचं असतं, साताऱ्याला, पाटणला, वाईला. काका न्यायचे. "माझ्या गाडीत मागं झोपनारा कदी भांडत नाय गो," म्हणायचे. "भांडतात ते नातेवाईक."

माझे पप्पा गेले तेव्हा मी पण मागेच बसले होते. मे महिना. पप्पा वाशीच्या मार्केटला माथाडी होते, म्हणून गाडी आधी मार्केटच्या गेटवर थांबवली. त्यांची अख्खी टोळी आली. मागचं दार उघडलं आणि सगळ्यांनी झेंडू टाकला, नुसता पाऊस. काका ओरडत होते, "हलू टाका, त्या जालीपाशी नको!" ऐकतंय कोण? रडत होते सगळे.

गावी आत्या वाट बघत होती. पप्पांची आई लवकर गेलेली, त्यांना आत्यानेच वाढवलेलं. फोनवर एकच बोलली होती, "मला त्याचं तोंड बघू दे. झाकलेला आणू नका."

पुणं मागे पडलं आणि हवा कमी झाली. पंख्याचा आवाज तोच, पण वारा नाही. काकांचा हात आत आला, थांबला. या वेळी पप्पांना काहीच विचारलं नाही त्यांनी. गाडी कडेला घेतली.

पुढे बसलेले माझे चुलते, नाना, भडकले. "आरं थांबतोयस कशाला? तिकडं माणसं खोळंबल्यात! हान गाडी!"

"तोंड बघायचं हाय ना हिच्या आत्याला? मंग थांबा."

काकांना वाटलं एसीच्या आत बर्फ धरलाय. बर्फ धरला की वारा अडतो म्हणे. म्हणून त्यांनी गार करायचं बंद केलं, नुसता पंखा चालू ठेवला. गाडी उन्हात उभी. नाना येरझाऱ्या घालतायत, शिव्या देतायत. मी मागे पप्पांच्या कपाळाला हात लावून बसलेली, आणि कपाळ, कसं सांगू, आता तितकं गार नव्हतं. मला खरंच भीती वाटली. पप्पांची नाही, आत्याची.

वारा काही वाढेना. "चुकलो मी, बर्फ नाय," काका म्हणाले. मग आत आले, पप्पांच्या उशापाशी गुडघ्यावर बसले. खाली एक जाळी होती, तिथून एसी आतली हवा ओढून घेतो. त्यांनी ती उघडली.

झेंडू! पाकळ्या, नाकातला कापूस, हाराचा दोरा, सगळं ओलं होऊन गच्च बसलेलं. टोळीनं टाकलेल्या फुलांनीच पप्पांचा वारा अडवला होता.

काकांनी बोटांनी सगळं उकरून काढलं. फेकलं नाही. स्वतःच्या टॉवेलात बांधून माझ्याकडे दिलं. "बापाचं हाय. जपून ने." मग एसी लावला, उलटा हात धरला, आणि मला म्हणाले, "तू बघ गो."

मी हात धरला. वारा होता.

गावी पोचल्यावर आत्याने पप्पांच्या गालाला गाल लावला. "एवढ्या उन्हातनं आला, तरी गार हाय गं माझा." बास, एवढंच. मग रडली.

काका लांब उभे होते. चहा नको म्हणाले. निघताना एसी बंद केला, काचा खाली. मी म्हटलं, "काका, एवढ्या उन्हात?" तर म्हणे, "एसी मागच्याचा. माला काय करायचाय?"

नंतर दिसले की आत्याची चौकशी करायचे. एकदा मी विचारलं, तुमचं गाव कुठलं? तिथल्याच टॉवरांच्या मधली गावठाणातली गल्ली दाखवली. "हा काय. मेलो तरी माला गाडी लागनार नाय गो."

काल दुपारी काका त्या गाडीतच गेले. स्टिअरिंगवर डोकं. मागे कुणी नव्हतं, म्हणून एसी बंद.

आज मी त्यांच्या दारात गेले. गाडी अंगणातच उभी, कुणी हलवली नव्हती. घरात उकाडा, गर्दी, लोक फुलं टाकतायत. काकी उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. माझा हात आपोआप गेला, उलटा, त्यांच्या चेहऱ्यासमोर. आणि तोंडातून निघालं, "काका, वारा लागतोय ना?"

सगळे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण काकी सरकल्या, पुठ्ठा माझ्या हातात दिला. "बस गो इथं. माजा हात दुखला."

उचलेपर्यंत मी घालत होते वारा. मग चालतच नेलं त्यांना.

तुमचं माणूस कुणी असं सांभाळून गावी पोचवलंय का? आणि पुढे कधी त्या ड्रायव्हरच्या उशाशी बसायची वेळ आलीय का तुमच्यावर?