झडकाका

झडकाका चहा पीत नसत, खात. "वहिनी, चहा खाऊन जातो," असं आईला सांगत ते जिन्यात चपला काढत. त्यांच्या घराण्याच्या दोन पिढ्या कलकत्त्यात गेलेल्या. मराठी बंगालीच्या अंगानं चालायचं. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही तिथल्या बेहाला भागात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. मी वीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या शुद्ध मराठीचा मला भारी माज होता. त्यांना झडकाका हे नाव पुढे मीच ठेवलं.

जिन्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं रेघा ओढल्या होत्या. गल्लीतलं पाणी कधी कुठवर चढलं, त्याच्या खुणा. "ही धाकटीच्या बारशाची. ही बाबा गेले तेव्हाची, खाट वर न्यावी लागली." कोणती गल्ली आधी भरते, कोणतं झाड पडेल, सगळं त्यांना पाठ. आई म्हणायची, "भाऊजी, इथं आलं म्हणून पुन्हा इथंच येईल का?" "पाणी पत्ता विसरत नाही, वहिनी."

चैत्र सरताना ते तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन घरोघर फिरत. गच्चीवर माझी अभ्यासाची पत्र्याची खोली होती. ती पाहून म्हणाले, "पत्र्यावर वीट नको रे. तार बांध. झड येणार."

"काका, झड श्रावणात असते," मी म्हणालो. "आणि ती येत नाही, लागते."

आईनं तोंडाला पदर लावला. काका ओशाळले. "लागते? बरं, लागते." तार माझ्या टेबलावर ठेवून ते खाली गेले. रिमझिम पावसाला तार कशाला? मी पत्र्यावर चार विटा ठेवल्या.

आठवड्यानं, भर दुपारी वायव्येकडून आभाळ काळं झालं. बंगालीत झड म्हणजे वादळ, हे मला तेव्हा कळलं. मी गच्चीवर, पत्रे थडथडतायत, आणि अंगणातून काका हात उंचावून ओरडतायत, "खाली ये रे! आधी खाली ये!" मी जिना उतरत असतानाच वर पत्रा उचकटला. अंगणात पोचलो तेव्हा काका उजवा हात पोटाशी धरून बसले होते. शेजारी वीट पडली होती.

वादळ ओसरल्यावर माणसं जमली. "वीट कोणाची?" जो तो विचारत होता. काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वाऱ्यानं आणली. त्याला कोण विचारणार?"

त्यांची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. पुढच्या पावसाळ्यातली रेघ त्यांनी डाव्या हातानं ओढली. ती वाकडी आली. मी रोज त्या जिन्यावरून जायचो, भिंतीकडे न बघता.

तीन वर्षांनी वडिलांची परत बदली झाली. सामान बांधून झाल्यावर काका निरोप द्यायला वर आले. दारात थांबले, माझ्याकडे बघून मनाशी शब्द जुळवले आणि म्हणाले, "वहिनी, चहा पिऊन जातो."

आई हसली, "भाऊजी, आता अगदी पुणेकर झालात!"

त्यांनी डाव्या हातानं कप उचलला. तारेचं भेंडोळं, जसंच्या तसं, माझ्या ट्रंकेत होतं. आज पन्नाशीला आलो. लोक मला पत्रांचे मसुदे तपासायला देतात. पण "काका, ती वीट माझी होती," एवढं एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही.