वाघाकडे पाठ करणाऱ्या गाईडबाई

वाघ समोर आला की जिप्सीतले सगळे त्याच्याकडे बघत; आमच्या गाईडबाई त्याच्याकडे पाठ करून बसत. त्यांची नजर पर्यटकांवर. मी मोहर्लीच्या एका रिसॉर्टची जिप्सी चालवतो, आणि सहा वर्षं त्या माझ्या शेजारी बसल्या. एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "वाघाले वागणं समजते, भाऊ. याईलेच शिकवा लागते."

आणि शिकवायच्याही. कोणी शिट्टी मारली की गाडी सरळ परत. एका बड्या पाहुण्यानं दरडावलं, "मी कोण आहे माहीत आहे का?" बाई म्हणाल्या, "माहीत हाये ना. मागच्या सीटवरचे."

मागच्या हिवाळ्यात पर्यटनाच्या प्रदर्शनात स्टॉल होता म्हणून मालकांनी आम्हा दोघांना शहरात नेलं. शेवटच्या दुपारी प्राणिसंग्रहालय बघायला गेलो. सोबत मालक होते आणि एक टूरवाले; या टूरवाल्यांच्याच भरवशावर आमच्या निम्म्या खोल्या भरतात. पिंजऱ्यात वाघीण सावलीला झोपली होती. टूरवाल्यांनी जाळीवर पाण्याची बाटली आपटायला सुरुवात केली. "अगं ऊठ की!"

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "काऊन उठवून राह्यले? तिले पळाले जागा नाई म्हणून? जंगलात असती तर तुमच्या तोंडून आवाज तरी निंगला असता का?" मग सवयीनं गर्दीकडे वळून हुकूम सोडला, "आवाज बंद. समोरचे खाली बसा." खोटं नाही सांगत, शाळेच्या सहलीसकट सगळी गर्दी खाली बसली. मीही बसलो. उभे राहिले ते मालक आणि टूरवाले.

मोहर्लीला परतल्यावर मालकांनी कोरा कागद पुढे सरकवला. माफी लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. बाईंचं घर त्या एका पगारावर चालायचं. मी हळूच म्हटलं, "लिहून टाका ना, बाई. कागदाले काय समजते?"

"मले समजते ना, भाऊ."

त्यांनी लिहिलं, पण एकच ओळ : 'पुन्हा कोणी तसं केलं, तर मी पुन्हा हात धरीन.' खाली पूर्ण नावानं सही केली, कागद टेबलावर ठेवला आणि कोणाकडे न बघता घरी गेल्या.

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हातचं काम घालवलं म्हणून. आता माझाच येतो. त्या कागदावर आणखी एका सहीला भरपूर जागा होती, आणि मी गाडी धुवायला निघून गेलो.