कानामागचे चार केस

सावेडीत पुष्पावतीच्या पार्लरला बाया जितक्या नावाजत, तितक्याच तिच्या कटकटीला वैतागत. केस सोनेरी करायचे म्हटलं, की बाई आधी उलटतपासणी घ्यायची. आज डोकं धुऊन आलात का? मग चार दिवसांनी या, टाळूचं तेल राहू द्या. केस सरळ करून घेतलेत का? मेहंदी लावता का, आणि कुठली? एवढ्यावरही तिचा जीव भागत नसे. कानामागचे चार केस कातरून काचेच्या वाटीतल्या ब्लीचमध्ये टाकायचे आणि खुशाल चहा ठेवायचा.

"केसाला तोंड न्हाई," ती म्हणायची. "जळला तरी वरडत न्हाई. म्हणून आधीच इचारावं." लग्न होऊन सोनईहून आली त्याला वीस वर्षं झाली, पार्लर थाटलं, पण बोली काही सुटली नाही.

त्या दिवशी धनश्री आपल्या होणाऱ्या भावजयीला, सृष्टीला घेऊन आली. साखरपुडा तोंडावर होता. सोनेरी बटांची हौस धनश्रीची, डोकं सृष्टीचं.

"हिनं केसांना कधीच काही लावलं नाही. हो ना गं?" धनश्रीच म्हणाली.

सृष्टीनं मान डोलावली. पुष्पावतीनं चार केस कातरले, वाटीत टाकले. धनश्री फोन घेऊन बाहेर गेली, आणि इकडे वाटीत बुडबुडे आले. पुष्पावतीनं खालून बोट लावलं, तर वाटी कोमट. केस ओढून पाहिला, तर च्युइंगमसारखा ताणला गेला आणि तुटला.

"पोरी, काळी मेहंदी लावतीस ना? पाकिटातली?"

सृष्टीचे डोळे भरले. "दहावीपासून केस पांढरे होतात माझे. ताईंना माहीत नाही. तुम्ही तसंच लावा ना, मावशी. थोडे गेले तर जाऊ द्या."

"थोडे? अगं, त्या मेहंदीत कसकसले क्षार असतात. त्याच्यावर ब्लीच पडलं की केस तापतात, टाळू भाजती, झुपके हातात येतात. मी न्हाई लावणार."

"मग ताईंना काय सांगू?"

पुष्पावतीला पोरीची दया आली. लग्नाआधीच पोर धाकात होती. तेवढ्यात धनश्री आत आली.

"धनश्रीताई, आज जमायचं न्हाई. ब्लीचची पावडर खराब झाली माझी."

झालं! धनश्रीचा पारा चढला. "एवढं नाव ऐकून आलो, आणि तुम्ही खराब माल ठेवता? लोकांच्या डोक्याशी खेळता? थांबा, सोसायटीच्या ग्रुपवरच टाकते." ती तिथंच उभी राहून टाइप करू लागली.

पुष्पावतीचा चेहरा पडला. पार्लर चालतं ते नावावर, आणि सावेडीत नाव जायला एक मेसेज पुरतो. तरी खरं न सांगता ती वाटी विसळू लागली.

"ताई, नका टाकू," सृष्टी खुर्चीतून उठली. "पावडर चांगली आहे. माझेच केस पिकलेत. मी मेहंदी लावते. मावशी माझ्यासाठी खोटं बोलल्या."

धनश्रीचं बोट थांबलं. "दादाला माहीत आहे?"

"पहिल्याच भेटीत सांगितलं. ते हसले नुसते."

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"





"तेच म्हणाले... ताईला सांगू नको. तिच्या पोटात काही राहत नाही, गावभर करेल."

धनश्रीनं हातातल्या फोनकडे पाहिलं. अर्धा लिहिलेला मेसेज तसाच होता. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुष्पावतीला वाटलं होतं आता ही पोरीवर तुटून पडेल, पण ती मटकन खुर्चीत बसली. आता पुष्पावतीला तिचंच जास्त वाईट वाटलं.

धनश्रीनं एकेक अक्षर करत मेसेज खोडला.

"दादा असं म्हणाला?"

"प्रेमानं म्हणाले, ताई."

"असू दे," ती म्हणाली. "खरं तेच म्हणाला तो."