सिस्टर ‘छान’ म्हणाल्या तेव्हा

आळीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण चाल अजून वॉर्डातलीच होती: भरभर, पावलांचा आवाज न करता, आणि जाता जाता प्रत्येक गोष्टीवर नजर. जिन्यातला दिवा गेला असला की त्या थांबत, रस्त्यावरचा नळ गळत असला की थांबत. थांबत आणि बोलत. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या की बाकीच्या बायका आपलं दुखणं विसरून कान टवकारत.

“डॉक्टर अजून आलेच नाहीत? मंत्र्याला शिंक आली असती तर धावत आले असते!”

लढाईच्या वर्षी सिस्टर छावणीच्या इस्पितळात होत्या. बाहेर तोफगोळे पडत असताना त्यांनी जखमींच्या खाटा तळघरात हलवल्या होत्या. त्याबद्दल मिळालेलं पदक कपाटात, बटणांच्या डब्यात पडलं होतं. सून कुतूहलानं ते बघायला गेली तेव्हा म्हणाल्या, “पिन बघ त्याची. पहिल्याच दिवशी वाकली. देशाचं पदक, आणि पिन असली!”

हीच सून लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिले काही महिने सिस्टर तिच्या हातचं सगळं ‘छान’ म्हणून खात. भाजी छान, चहा छान. सून हवेत होती. मग एके दिवशी पहिला घास तोंडात घालून त्या म्हणाल्या, “अगं, मीठ काय माहेरी विसरलीस?” सुनेनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि ती रडत बसली. बाहेरून नवऱ्यानं टकटक केली.

“अगं वेडे, सुटलीस! परक्याच्या घरी आई मिठाबद्दल चकार शब्द काढत नाही. ताईच्या सासरी कधी ऐकलंस का?”

ते खरंच होतं. नणंदेच्या सासरी सिस्टरना झाडून सगळं छान वाटे, आणि तिथे त्या एक रात्रही मुक्काम करत नसत.

सून सरकारी शाळेत शिकवत होती. दर वर्षी नव्यानं नेमणूक, दर सुट्टीत पुढच्या वर्षाची धास्ती. यंदा मात्र कायम होण्याचा योग होता; मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, शिफारस तेवढी बाकी होती. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं.

“झेंडावंदनाला मंत्री येतायत. तुमच्या सासूबाईंनी दोन शब्द बोलावेत असं वाटतं. लढाईत सेवा केलेली बाई आहे, पोरांनाही बघायला मिळेल. पण दवाखान्याचं रडगाणं नको बरं का. देशावर ज्याचं प्रेम आहे, तो निदान त्या दिवशी तरी सरकारला नावं ठेवत नाही.” मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तुमचं कायम होण्याचं माझ्याच टेबलावर आहे. जास्त सांगायला नको.”

घरी आल्यावर सुनेनं कपड्यांच्या घड्या घालता घालता विषय काढला.

“म्हणजे तुझी नोकरी माझ्या जिभेच्या टोकावर आली म्हण की,” सिस्टर म्हणाल्या.

“आई, दोनच शब्द. गोड.”

“बरं.”

एवढ्यावर त्या ऐकतील असं सुनेला वाटलं नव्हतं. ती इतकी सुखावली की शंकासुद्धा आली नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती भाजी चिरत बसली होती आणि सिस्टर कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहून भाषण म्हणून बघत होत्या. “आपला देश फार छान आहे. रस्ते छान आहेत. दवाखाने छान आहेत. सगळ्यांचं अगदी छान चाललं आहे.”

आवाज मऊ, स्वच्छ. चेहऱ्यावर हसू. सुनेचा हात थांबला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. नणंदेच्या घरी, पिशवी आधीच हातात घेऊन, “नको, खरंच पोट भरलं हो,” म्हणतानाचा तो आवाज होता. तिच्या स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांतलाही तोच.

“आई, असं नका बोलू.”

“का गं? छानच म्हणतेय की.”

“तेच तर. पाहुणीसारखं बोलताय. आत्ता उठून निघून जाणार असल्यासारखं.”

सिस्टर पलंगाच्या कडेला टेकल्या. “तूच सांगितलंस म्हणून पाठ करत होते. घशाखाली उतरत नव्हतं, खरं सांगते.”

“माझं चुकलं. तुम्हाला बोलायचं ते बोला.”

“आणि तुझी नोकरी?”

“ती मी बघते,” सून म्हणाली खरी, पण पुढची भाजी तिनं नको तेवढी बारीक चिरली.

दुसऱ्या दिवशी वाकड्या पिनेऐवजी सेफ्टी पिन लावून पदक सिस्टरांच्या छातीवर होतं. झेंडा वर गेला तेव्हा त्या ताठ उभ्या राहिल्या आणि डोळे पुसले. मग माईकसमोर गेल्या.

“या झेंड्यासाठी पोरं माझ्यासमोर गेली. शेवटी पाणी मागायची. मी द्यायचे. म्हणून आपल्या दवाखान्यात प्यायला पाणी नसलं की माझं डोकं फिरतं. संध्याकाळचा डॉक्टर तर कित्येक महिने कुणी पाहिलेलाच नाही.”

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. मंत्री खुर्चीतूनच हसत म्हणाले, “सिस्टर, आज तरी कौतुक करा की! देश आपला आहे.”

“आपला आहे म्हणूनच, साहेब. दुसऱ्याच्या देशात गेले असते तर दवाखान्याची तारीफ करून, चहा पिऊन परत आले असते.”

लोक खदखदून हसले. मंत्रीही हसले, जरा उशिरा, आणि शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी बोलले. ते डॉक्टरबद्दल होतं की सिस्टरबद्दल, ते कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मोठ्या बाई ऑफिसात सुनेची वाटच बघत होत्या. “आता तुमच्या शिफारशीचं मी काय करू, तुम्हीच सांगा.”

माफी मागायची म्हणून सुनेनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“ते तुम्ही ठरवा, बाई. पण मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एक मुलगी बाहेरून दार धरते तेव्हा दुसरी आत जाते.”

“हे तुम्हाला आज दिसलं?”

“नाही. आले त्याच वर्षी दिसलं होतं. तेव्हापासून शाळा छान आहे म्हणत आलेय.”

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“शिफारस करते. पण स्वभाव गोड आहे असं काही लिहिणार नाही मी. आणि उभ्या का? बसा. कडी उद्या बसेल. आणखी काय काय आहे ते सांगा.”

सून खुर्ची ओढून बसली. तेवढ्यात व्हरांड्यातून सिस्टरांचा आवाज आला, “अगं, आटप की! या मंत्र्याच्या चहात साखर नाही, काही नाही, नुसतं गरम पाणी!”

“चहा शाळेचा होता,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तोही सांगा.”